सवाई माधवरावांचा मृत्यु आणि मानसशास्त्रीय शवविच्छेदन

(१)

सवाई माधवराव पेशवे यांचा अंत कसा झाला, हा मराठ्यांच्या इतिहासांतील एक जुना वाद आहे. शके १७१७ च्या आश्विनांत, ता. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं, पेशवे शनिवारवाड्यांत उंचावरून खालच्या कारंजावर पडले आणि ता. २७ रोजीं, पौर्णिमेस, त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें साडेएकवीस वर्षांचें होतें. इतकी हकीकत सर्वमान्य आहे. ते तोल जाऊन पडले कीं त्यांनीं उडी टाकली, आणि टाकली असल्यास ती शुद्धीवर असतां टाकली कीं ज्वराच्या भ्रमांत, एवढाच काय तो प्रश्न उरतो. परंतु या एवढ्याशा प्रश्नाच्या उत्तरावर दोन पुरुषांची कीर्ति अवलंबून आहे. उडी जाणूनबुजून टाकली असें ठरलें, तर मृतावर आत्मघाताचा दोष येतो, आणि धन्यास जीव नकोसा केल्याचा आरोप नाना फडणिसांच्या माथीं बसतो. भ्रमांत पडले असें ठरलें, तर दोघेही दोषमुक्त होतात. सबब हा वाद केवळ कुतूहलाचा नव्हे.

अलीकडे संशयित मृत्यूंच्या निर्णयासाठीं 'मानसशास्त्रीय शवविच्छेदन' या नांवाची एक पद्धति प्रचारांत आली आहे. जिवंत साक्षीदारांच्या अभावीं दफ्तरांतील कागदांवर तीच पद्धति चालवून गतकालीन पुरुषांच्या मरणाचाही निकाल लावावा, असा मोह इतिहासाच्या अभ्यासकांस होणें स्वाभाविक आहे. या पद्धतीचें सामर्थ्य किती, तिची मर्यादा कोणती, आणि पेशव्यांच्या प्रकरणांत ती कितपत उपयोगी पडते, याची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(२)

प्रथम पद्धतीची ओळख करून घेतली पाहिजे. अमेरिकेंत लॉस एंजल्स येथें १९५८ मध्यें एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बेरो व रॉबर्ट लिटमन यांनीं आत्महत्या-प्रतिबंधक केंद्र चालू केलें. तेथील कॉरोनर थिओडोर कर्फी यांच्यापुढें एक अडचण वारंवार येत असे. शवाची चिकित्सा केली म्हणजे पोटांत झोपेच्या औषधाचें प्रमाण किती होतें तें कळे. परंतु तें औषध मरण्याच्या हेतूनें घेतलें, कीं अजाणतां अधिक घेतलें गेलें, हें शव सांगत नसे. मृत्यूचें कारण एक आणि मृत्यूचा प्रकार दुसरा, हा भेद येथें ध्यानांत धरावा. कारण देहावरून कळतें. प्रकार ठरविण्यास मृताच्या मनांत काय होतें तें पाहावें लागतें. कर्फी यांनीं हें काम उपर्युक्त तज्ज्ञांकडे सोंपविलें आणि श्नाइडमन यांनीं या चौकशीस 'मानसशास्त्रीय शवविच्छेदन' हें नांव दिलें.

या चौकशींत मृताचे आप्त, मित्र, सोबती व वैद्य यांस भेटून त्यांच्या जबान्या घेतात. त्याचीं पत्रें व टिपणें वाचतात. पूर्वायुष्य, स्वभाव, संकटसमयीं वागण्याची रीत, नजीकच्या काळांतील आघात, दिनचर्येंत पडलेला फरक, पुढील बेत, मरणाविषयींचे उद्गार इत्यादि कलमें एक एक करून तपासतात. अखेरीस तो मृत्यु नैसर्गिक, अपघाती, आत्मकृत वा परकृत, या चारांपैकीं कोणत्या सदरांत पडतो याविषयीं अभिप्राय देतात. १९६२ मध्यें मॅरिलिन मन्रो ही विख्यात नटी मरण पावली तेव्हां याच मंडळीनें चौकशी केली, आणि 'बहुधा आत्महत्या' असा निर्णय झाला. सर्व साक्षीदार हयात, घटना ताजी, औषधांचें मोजमाप हातीं, इतकी अनुकूलता असतांही निर्णयांतून 'बहुधा' हा शब्द गेला नाहीं, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

येथें आणखी एक भेद सांगणें अवश्य आहे. ही पद्धति दोन निरनिराळ्या कामांसाठीं वापरतात. सेंट लुईस येथें १९५६-५७ च्या सुमारास ईलाय रॉबिन्स व त्यांचे सहकारी यांनीं १३४ आत्महत्यांची अशीच चौकशी केली, आणि त्यांपैकीं बहुतेक माणसें मानसिक व्याधीनें ग्रस्त होतीं असें त्यांस आढळून आलें. परंतु त्या चौकशींत मृत्यूचा प्रकार आधींच ठरलेला होता. शोध कारणांचा होता. आमच्या प्रश्नांत प्रकारच अनिश्चित आहे. आत्महत्या करणारे बहुतेक लोक खिन्न असतात यावरून जो जो खिन्न असून अकस्मात् मेला त्यानें आत्महत्या केली, असें अनुमान निघत नाहीं. धूर तेथें अग्नि म्हणतां येईल, पण अग्नि तेथें धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं, हें आमच्याकडील तर्कशास्त्राच्या प्रथमच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. तरीही या दोन कामांची गल्लत तज्ज्ञांकडूनही घडते.

(३)

त्या गल्लतीचें फळ किती कडू असतें याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकन आरमाराच्या 'आयोवा' या युद्धनौकेवर ता. १९ एप्रिल १९८९ रोजीं तोफेच्या बुरुजांत स्फोट होऊन ४७ खलाशी मरण पावले. मृतांपैकींच एका खलाशानें जीव देण्याच्या इराद्यानें हा स्फोट घडविला असावा, असा ठराव आरमाराच्या चौकशींत झाला. त्यास मोठा आधार एफ. बी. आय. या तपासखात्याच्या तज्ज्ञांच्या अभिप्रायाचा होता. आणि त्या तज्ज्ञांनीं मृताच्या आप्तमित्रांस स्वतः न भेटतां, आरमाराच्या तपासनिसांनीं पुरविलेल्या जबान्या व कागद वाचून आपलें मत बनविलें होतें. पुढें काँग्रेसच्या समितीच्या विनंतीवरून मानसशास्त्रज्ञांच्या एका मंडळानें तेंच साहित्य तपासलें, तेव्हां बहुतेकांस तो निष्कर्ष निराधार वाटला. सँडिया येथील प्रयोगशाळेच्या प्रयोगांत दारूच्या पिशव्या तोफेंत अति जोरानें दाबल्या गेल्यासही स्फोट होऊं शकतो असें दिसून आलें. अखेरीस १९९१ च्या ऑक्टोबरांत आरमारानें आपल्या आरोपास सबळ पुरावा नाहीं हें मान्य करून मृताच्या कुटुंबापाशीं खेद प्रकट केला.

उलट बाजूचें उदाहरण आपल्याच देशांतील आहे. दिल्लींत बुराडी येथें ता. १ जुलै २०१८ रोजीं एकाच घरांतील ११ माणसें मृतावस्थेंत सांपडलीं. ही सामुदायिक आत्महत्या असावी असा प्रथमदर्शनीं अनेकांचा ग्रह झाला. परंतु त्या घरांत वर्षानुवर्षें लिहिलेल्या वह्या मिळाल्या. त्या वह्या व नातलगांच्या जबान्या पाहून केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनीं असा अभिप्राय दिला कीं, मरण्याचा हेतु नव्हता. एका विधीच्या आचरणांत घडलेला तो अपघात होता.

दोन्ही ठिकाणीं कागदच वाचले गेले. मग फळ भिन्न कां? पहिल्या ठिकाणीं, संशय एका माणसावर बसल्यानंतर त्या संशयाच्या अनुरोधानें साहित्य जमविलें गेलें होतें. दुसऱ्या ठिकाणीं, घटना घडण्यापूर्वीं, घटनेची कल्पना नसतां, खुद्द मृतांच्या घरांत लिहिलेला मजकूर उपलब्ध होता. या पद्धतीचें सारें मर्म आमच्या मतें यांतच आहे. मृत्यूच्या आधींचा एक क्षुल्लक कागद हा मृत्यूच्या नंतर लिहिलेल्या विस्तृत स्वभाववर्णनाहून अधिक मोलाचा असतो. कारण मागाहून लिहिणारास शेवट ठाऊक असतो, आणि त्या शेवटाकडे जाणारी वाट तो नकळत आंखून ठेवतो.

(४)

आतां ही कसोटी पेशव्यांच्या प्रकरणास लावूं. आत्महत्येच्या पक्षाचा मुख्य आधार ग्रँट डफ यांचा १८२६ सालीं प्रसिद्ध झालेला इतिहास होय. त्यांच्या कथनाचा सारांश असा: रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव यांच्याशीं पेशव्यांचा गुप्त पत्रव्यवहार चालला होता, तो बळवंतराव नागनाथ यांच्यामार्फत होत असे. नानांस तो कळतांच त्यांनीं बळवंतरावांस कैद केलें आणि पेशव्यांची निर्भर्त्सना केली. संताप, दुःख व निराशा यांनीं व्याप्त होऊन पेशवे आपल्या दालनाबाहेर येईनासे झाले. दरबारांतील त्यांचें आसन रिकामें राहूं लागलें. दसऱ्यास मात्र ते फौजेंत हजर झाले व सायंकाळीं दरबारांत त्यांनीं सरदारांचें व वकिलांचें नेहमींच्या सौजन्यानें स्वागत केलें. परंतु अंतर्यामीं ते विद्ध झाले होते, आणि तिसऱ्या दिवशीं त्यांनीं बुद्धिपुरस्सर उडी टाकली. मरतेसमयीं बाजीरावांस गादीवर बसवावें अशी इच्छा प्रकट करून त्यांनीं बाबाराव फडके यांच्या मांडीवर प्राण सोडला.

या कथनांतील डोळ्यांनीं पाहिलेलें किती आणि लेखकानें कल्पिलेलें किती, याची निवड करावी. पेशवे दालनांतून बाहेर येत नव्हते, आसन रिकामें होतें, दसऱ्यास ते बाहेर आले, सौजन्यानें वागले, तिसऱ्या दिवशीं पडले. हें पाहण्याजोगें आहे. संताप, निराशा, अंतर्यामींची जखम, बुद्धिपुरस्सरता. हें पाहण्याजोगें नाहीं. दालनांत पडून राहणें हें निराशेचें लक्षण होऊं शकतें, तसेंच ज्वराचेंही होऊं शकतें. दसऱ्याच्या दरबारांतील सौजन्य हें तर निराशेच्या विरुद्ध जाणारें चिन्ह. पण 'परंतु' हा एक शब्द घालून लेखकानें तेंही आपल्या पक्षास जुंपलें आहे. शेवट ठाऊक नसता तर तें वाक्य तसें लिहिलें गेलें नसतें.

ग्रँट डफ यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यांनीं कागद जमविले, माणसांस विचारलें, आणि तीं माणसें अद्याप हयात असतां विचारलें, हे त्यांचे उपकार मोठेच आहेत. परंतु घटनेच्या वेळीं ते सहा वर्षांचें मूल होते; साताऱ्यास त्यांची नेमणूक १८१८ मध्यें झाली. मधल्या तेवीस वर्षांत नाना वारले, बाजीरावांनीं राज्य केलें आणि तें घालविलें. ज्यांनीं हा सारा काळ भोगला त्यांच्या तोंडून १७९५ च्या आश्विनाची हकीकत निघाली, ती पुढील सर्व अनर्थाच्या प्रकाशांतच निघणार. आयोवा-प्रकरणांतील तज्ज्ञांप्रमाणें येथेंही निर्णयापूर्वींचें मन निर्णयानंतरच्या साक्षींवरून रचलेलें आहे.

पूर्वायुष्याच्या कलमाचीही हीच गत होते. जन्मापूर्वींच १७७३ च्या ऑगस्टांत पित्याचा खून झालेला. १७७७ मध्यें माता गंगाबाई गेल्या. १७९३ मध्यें पहिली पत्नी रमाबाई वारली. १७९४ मध्यें महादजी शिंदे व हरिपंत फडके, दोघेही निघून गेले. ही यादी वाचली म्हणजे अंतःकरण द्रवतें आणि शेवट अटळ वाटूं लागतो. पण त्याच आयुष्याची दुसरी यादीही करतां येते: चाळीस दिवसांचा असतां पेशवाईचीं वस्त्रें मिळालेला, १७९५ च्या मार्चांत खर्ड्याच्या मोहिमेंत फौजेसमवेत जाऊन निजामावरील विजय प्रत्यक्ष पाहिलेला, पुनर्विवाहित तरुण पुरुष. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. म्हणूनच त्यांपैकीं एकीवरूनही निर्णय होत नाहीं. त्या काळीं आप्तांचे मृत्यु घरोघर होते. तेवढ्यावरून कोणी जीव दिल्याचें अनुमान करूं लागल्यास अर्धी पेशवाई आत्मघातकी ठरेल.

(५)

दुसरा पक्ष असा कीं, पेशव्यांस ज्वर येत होता, त्यांत वायु झाला आणि त्या भ्रमांत ते खालीं आले. हा पक्ष वैद्यकदृष्ट्या असंभाव्य मुळींच नाहीं. ज्वरजन्य भ्रम कांहीं तासांत वा दिवसांत उद्भवतो आणि एकाच दिवसांत कमीजास्त होतो. सकाळीं शहाण्यासारखा बोलणारा रोगी रात्रीं बेभान होतो, हें आधुनिक वैद्यकास पूर्ण परिचित आहे. अशा अवस्थेंत रोगी खिडकीवाटे वा गच्चीवरून खालीं जातात, आणि तेथें मरण्याचा हेतु असतोच असें नाहीं. म्हणून दसऱ्याच्या दरबारांतील स्वस्थचित्तता या पक्षास बाधक होत नाहीं. येथें चार सदरांची अपुरी व्याप्तिही दिसून येते. भ्रमिष्टानें स्वतः घेतलेली उडी ही आत्मकृत म्हणावी तर हेतु नाहीं, अपघाती म्हणावी तर कृति त्याची स्वतःची आहे. श्नाइडमन यांनींच पुढें हेतुपूर्वक, अर्धवट हेतूनें व हेतुरहित अशी मृत्यूंची निराळी विभागणी सुचविली ती याच अडचणीमुळें. 'आत्महत्या कीं अपघात' असा दोनच पर्यायांचा प्रश्न विचारणें हाच आमच्या जुन्या वादांतील मूळ दोष होय.

तथापि संभाव्य तें सिद्ध नव्हे. ज्वराची व वायूची कथा ज्यांच्या पत्रांतून आली ते बहुतेक नानांच्या आश्रयांतील वा कारभाराशीं संबद्ध होते. धन्यानें जीव दिला असें लिहिणें त्यांस परवडणारें नव्हतें. धर्मशास्त्रानें आत्मघात निषिद्ध मानिला आहे व आत्मघातक्याच्या उत्तरक्रियेस प्रत्यवाय सांगितला आहे. तेव्हां कुटुंबासही तो शब्द टाळण्याचें कारण होतें. मृत्यूनंतर नारायणबळी केला गेला किंवा न गेला, यावरून निर्णय करूं पाहणाऱ्यांनींही सावध असावें. कारण तो विधि केवळ आत्मघातासाठीं नसून इतर दुर्मरणांसाठींही करतात. त्या वेळीं पुण्यास इंग्रजांचा वकील असलेले चार्ल्स मॅलेट यांच्यासारखा परका मनुष्य निःपक्ष वाटतो, पण वाड्याच्या आंतील वार्ता त्यांसही दरबारच्या माणसांकडूनच मिळणार.

अंतसमयीं बाजीरावांचें नांव घेतल्याची कथा तर विशेष सावधपणें घेतली पाहिजे. पेशवे निपुत्रिक वारले आणि लागलीच वारसाचा झगडा सुरू झाला. १७९६ मध्यें यशोदाबाईंच्या मांडीवर चिमाजीअप्पांस दत्तक देऊन गादीवर बसविण्यांत आलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीराव पेशवे झाले. अशा झगड्यांत मृताच्या शेवटच्या शब्दांचें मोल एखाद्या किल्ल्याइतकें असतें. तो उद्गार खरा असेलही. परंतु खरा मानला तरी त्यावरून पडण्याचा हेतु सिद्ध होत नाहीं. दोन दिवस वेदनेंत असलेला मनुष्य आपल्यामागें कोण, हें सांगेल. त्यावरून तो कसा पडला हें समजत नाहीं.

(६)

एवंच आमचें मत असें. निराशेनें बुद्धिपुरस्सर आत्महत्या, हा निर्णय ज्या पुराव्यावर आजवर उभा आहे त्यावर तो टिकत नाहीं. त्या पुराव्यांतील प्रत्येक दृश्य गोष्ट ज्वराशींही तितकीच जुळते. ज्वरजन्य भ्रम हा पक्ष अधिक संभवनीय आहे, परंतु त्याच्या साक्षीही हितसंबंधी आहेत. नाना फडणिसांविरुद्धचा आरोप मात्र आतां इतिहास म्हणून लिहिला जाऊं नये. तो लोकप्रवाद म्हणून, त्याच्या कर्त्याच्या व कालाच्या निर्देशासह लिहावा. आत्महत्या क्षणभर गृहीत धरली तरी तिचें कारण नानांची निर्भर्त्सना होतें हें स्वतंत्रपणें सिद्ध करावें लागेल, आणि त्यासाठीं ती निर्भर्त्सना व तो प्रसंग यांमधील अंतर महिन्यांनीं नव्हे, दिवसांनीं मोजून दाखवावें लागेल.

मग ही नवी पद्धति आम्हांस निरुपयोगी म्हणावी काय? तसें नाहीं. निकाल देणारी म्हणून तिचा उपयोग थोडा, पण कागदांची प्रतवारी लावणारी म्हणून मोठा आहे. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. पण 'निवडक' या शब्दाचा अर्थच असा कीं, निवडणारास महत्त्वाचें वाटलें तें छापलें. या पद्धतीच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें बहुधा निवडीबाहेर राहतें. भाद्रपद व आश्विन शके १७१७ या दोन महिन्यांतील रोजकीर्द, वैद्यास दिलेला पैका, औषधांचें सामान, अनुष्ठानाची दक्षिणा, ग्रहशांतीचा खर्च, कोणत्या दिवशीं स्वारी बाहेर पडली व कोणत्या दिवशीं राहिली, मुदपाकखान्यांत पथ्याचें अन्न केव्हां लागलें, दिवाळीसाठीं धन्याच्या हुकुमानें कोणती खरेदी सांगितली होती. असे कागद रुमालांत असतील तर तेच या वादांतील खरे साक्षीदार होत. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनास उद्यांची बातमी नसते, म्हणून तो उद्यांसाठीं खोटें लिहीत नाहीं. ता. २५ पूर्वींच्या एका ओळींत औषधाचा खर्च सांपडला तर ज्वराचा पक्ष दरबारी पत्रांच्या आधारावांचून उभा राहील; आणि त्या दिवसांत आजाराची कोणतीच खूण नसून दालनांत एकांत मात्र आढळला, तर आम्हांस आमचें मत फिरवावें लागेल, व तें आम्ही संतोषानें फिरवूं.

ज्या गृहस्थांच्या संग्रहीं या दोन महिन्यांचे कागद असतील त्यांस आमची विनंति इतकीच कीं, पेशव्यांच्या मृत्यूचा उल्लेख नाहीं म्हणून ते बाजूस टाकूं नयेत. प्रत्येक कागदाची मिति, लिहिणाराचें नांव वा वळण, आणि तो ज्या रुमालांत सांपडला त्याचा अनुक्रम जसाच्या तसा राखावा. सुटे करून विषयवार लावूं नये. मृत्यूनंतरच्या पत्रांवर 'उत्तर' व पूर्वींच्या पत्रांवर 'पूर्व' अशी खूण करून दोन्हींच्या नकला निरनिराळ्या ठेवाव्या. 'पूर्व' या सदरांत नकलांची एक लहानशी चळत जमली, तरी या वादाचें काम सव्वादोनशें वर्षांत झालें नाहीं इतकें पुढें जाईल.